तिसऱ्या ओळीतला शब्द

अनुसया भदाणे सव्वीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर टाइप करत होती. सुरतेत, उधन्याला पुलाच्या अलीकडच्या गल्लीत किरीटभाईंचं छपाईचं दुकान होतं. लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यांवरची लेबलं, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, जे येईल ते तिथे व्हायचं. संगणकावर बसणाऱ्या दोघीच होत्या, ती आणि स्वाती. त्यातली स्वाती दिवाळीनंतर बाळंतपणाला माहेरी गेली आणि दोघींचं काम एकटीच्या गळ्यात पडलं. संध्याकाळी डिंडोलीच्या शेअर रिक्षात बसली की ती डोळे मिटून घ्यायची. मिटल्या डोळ्यांपुढेही अक्षरं हलत राहायची.

कामात मात्र ती पक्की होती. बेसण्याच्या, म्हणजे गुजराती घरातल्या शोकसभेच्या पत्रकाला सरळ, शांत अक्षर. सेलच्या फलकाला पोट सुटलेलं जाड अक्षर. पत्रिकेला वेलबुट्टीचं चालतं, पण आजोबांना आपलं नाव चष्म्याशिवाय सापडलं पाहिजे इतपतच. गुजरातीला वर रेघ नसते, म्हणून ओळीत जरा हवा ठेवायची. खानदेशातल्या माणसाचं काम आलं की हिंदी वळणाचा ल काढून ती मराठी वळणाचा, मधोमध देठ असलेला ल घालायची. ‘मोऱ्यांच्या’ हा शब्द ‘मोर्यांच्या’ असा छापला गेला तर गिऱ्हाईक काही म्हणायचं नाही, पण अनुसयाला दोन दिवस चुटपुट लागून राहायची. किरीटभाई म्हणायचे, "अनुबेन, एवढं कोण बघतं?" ती म्हणायची, "मी बघते ना." हे ती तरुण असताना म्हणायची. अलीकडे नुसती मान हलवायची.

जानेवारीत एक दिवस विकास वानखेडे दुकानात आला. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये तो कामगारांच्या सुरक्षेचं बघायचा. अमरावतीकडचा, तिशीतला, गुजराती अगदी सुरतवाल्यासारखी बोलणारा. मिलला चाळीस बोर्ड हवे होते. कापड ज्या बंद भांड्यात उकळत्या पाण्यात, दाबाखाली रंगवतात, त्या प्रत्येक यंत्राशेजारी आणि खात्यात जागोजागी लावायचे. मजकूर एकच: दाब शून्यावर येण्याआधी झाकण उघडू नका. गुजराती, हिंदी आणि उडिया, तीन भाषांत.

"सोमवारी तपासणी आहे ताई. शनिवारी सकाळी हातात पाहिजेत," विकास म्हणाला. वार गुरुवार होता.

"आणि मराठी?" अनुसयाने विचारलं. "सचिनला आपलीही माणसं आहेत की."

"हिंदी आहे ना. अक्षरं तीच. आपली माणसं वाचून घेतात."

बोलायला अंगात जोर लागतो, आणि तिला अजून दोन पत्रिका संपवायच्या होत्या.

उडिया मजकूर विकासने फोनवरून पाठवला. मिलमधल्याच एका उडिया कारकुनाने तो लिहून दिला होता. अनुसयाने तो उचलून बोर्डाच्या तिसऱ्या पट्ट्यात बसवला. पट्ट्याभोवती लाल किनार केली. उडिया तिला येत नव्हतं. तिच्या लेखी ती सगळी छत्र्या उघडून उभी असलेली गोल गोल अक्षरं, एकासारखं दुसरं. तरी फोनवरचा मजकूर आणि पडद्यावरचा मजकूर तिने चित्राला चित्र लावावं तसा एकेक अक्षर ताडून पाहिला. तीन ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत छोटासा एकच शब्द. सगळं जुळलं.

शुक्रवारी संध्याकाळी विकास बघायला आला. पडद्यापासून चार पावलं मागे जाऊन त्याने डोळे बारीक केले.

"ताई, उडिया फार किरटं दिसतंय. गुजराती कसं ठसठशीत आलंय. याला जाड करा, लांबून दिसलं पाहिजे."

त्याचं म्हणणं खरं होतं. तिच्याकडे असलेला उडिया फॉन्ट पुस्तकात शोभेल असा नाजूक होता, भिंतीवर टिकणारा नव्हता. तिने शोधून एक जाड फॉन्ट उतरवून घेतला आणि लावला. अक्षरं एकदम गुबगुबीत झाली, पट्टा भरून गेला.

"झकास," विकास म्हणाला.

"उडिया वाचणारं कुणी आहे का? एकदा दाखवलं असतं."

"त्यांच्याच माणसाने लिहिलंय ताई. चूक कशी असेल?"

बोर्ड छापले गेले. एक जास्तीचा निघाला, तो किरीटभाईंनी कापायच्या यंत्रामागे भिंतीला टेकवून ठेवला. सोमवारी तपासणी झाली, नीट पार पडली असं विकासने फोन करून कळवलंही. अनुसयाच्या डोक्यातून ते काम गेलं. तशी शंभर कामं तिच्या डोक्यातून गेली होती.

मार्चच्या मध्यावर कविता बेहेरा नावाची बाई दुकानात आली. बमरोलीला ती उडिया कामगारांसाठी खानावळ चालवायची. गंजाम जिल्ह्यातली, नवरा आधी यंत्रमागावर कामाला होता, तो गेल्यावर दोन मुली आणि साठ माणसांचं जेवण तिने एकटीने सांभाळलं होतं. तिला खानावळीची पाटी हवी होती, हिंदी आणि उडिया. अनुसया तिचा मजकूर लिहून घेत होती तेवढ्यात कविताची नजर यंत्रामागच्या बोर्डावर गेली. ती वाचू लागली आणि पदर तोंडाला लावून हसली.

"हे कुणी लिहिलं दीदी?" तिने हिंदीत विचारलं.

"का? काय झालं?"

"इथे लिहिलंय, दाब उतरायच्या आधी झाकण उघडा."

अनुसयाला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात घोळ झाला. "उघडू नका," ती म्हणाली.

"नाही ना. बघा." कविताने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "खोलन्तु. उघडा, असं अदबीने सांगितलंय. ‘खोलन्तु नाहिं’ पाहिजे होतं. नाहिं कुठे गेलं?"

अनुसया खुर्चीवर बसली. जुनी फाइल उघडून तिने उडिया पट्ट्यावर क्लिक केलं. मजकूर चौकटीत मावला नाही की चौकटीची तुटक रेघ लाल होते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. रेघ लालच होती. पण बोर्डाची किनारही लाल, आणि रेघ बरोबर किनारीवर पडलेली. लालावर लाल. तिने चौकटीची खालची बाजू माउसने धरून खाली ओढली. तिसरी ओळ अलगद बाहेर आली.

"हां, आलं बघा," कविता म्हणाली. "नाहिं."

नाहिं. म्हणजे नाही. तिच्याच भाषेतला म्हणावा असा शब्द, फक्त वेगळ्या अक्षरांत. जाड फॉन्टने अक्षरं फुगली, वरच्या दोन ओळी खाली सरकल्या, आणि जागा न उरल्यामुळे नेमका शेवटचा शब्द चौकटीबाहेर पडला. मराठीत, गुजरातीत, उडियात, मनाई शेवटीच येते. गुजरातीत असं झालं असतं तर तिने झोपेतही पकडलं असतं. इथे तिने नाजूक अक्षरातला मजकूर ताडून पाहिला होता, जाड अक्षरातला नाही. शुक्रवार होता, डोळे चुरचुरत होते. तिला कारण सापडलं, पण सापडून उपयोग नव्हता.

कविता हसायची थांबली. "हे कुठे लागले आहेत?" तिने विचारलं.

किरीटभाईंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"कुणाची तक्रार आली?"

"नाही."

"मग जे गयुं ते गयुं, अनुबेन. आपण होऊन सांगायला गेलं तर लोक म्हणतील दुकानात शिकलेली माणसं नाहीत. निजलेल्या सापावर पाय कशाला द्यायचा?"

ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरलेले होते. अनुसयाने विकासला फोन केला. बोर्डावर काय उलटं छापलं गेलंय ते सांगितलं.

"बरं ताई, मी बघतो," तो म्हणाला.

चार दिवस गेले. तिने पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "बघतो म्हटलं ना. तुम्ही येऊ नका."

शनिवारी संध्याकाळी ती ताटावर नुसती बसून राहिली. हिलालने, तिच्या नवऱ्याने, ते पाहिलं. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते, त्यामुळे तो माणसांची तोंडं फार लक्ष देऊन बघायचा.

"काय व्हयनं?" त्याने विचारलं.

"चूक व्हयनी. मन्ही," ती म्हणाली, आणि ओठ दिसतील असं तोंड करून तिने त्याला सगळं सांगितलं.

हिलालने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला. मागावरच्या माणसाला यंत्राशेजारची पाटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. "मंग तठे जाय," तो म्हणाला. "पन आते जेवीसनी ले."

तिने दुकानात त्याच दिवशी दुपारी चिकटपट्ट्या छापून घेतल्या होत्या. लाल जमिनीवर पांढऱ्या जाड अक्षरांत एकच शब्द, चाळीस वेळा आणि वर पाच जास्तीचे. छापण्याआधी कविताला फोनवर फोटो पाठवून विचारलं होतं, आता बरोबर आहे का. कविताने उलट विचारलं होतं, "मी येऊ का बरोबर?" पण रविवारी खानावळीत दुप्पट माणसं जेवतात, हे अनुसयाला माहीत होतं.

रविवारी सकाळी ती सचिनला गेली. फाटकावरच्या रखवालदाराने थांबवलं. वीस मिनिटांनी विकास बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्याखाली काहीतरी दुसरं.

"ताई, मी नको म्हटलं होतं."

"चिकटवून निघून जाते. कुणाशी बोलणार नाही."

तो तिच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. "अर्ध्या तासात आटपा," शेवटी म्हणाला.

आत वाफ होती आणि रंगाचा, आम्लाचा उग्र वास. लुगडं घामाने पाठीला चिकटलं. यंत्रं ओळीने उभी होती, माणसाच्या दीडपट उंच, पोलादी पोटांची. बोर्ड लागले होते खरे. एकावर निळा रंग उडाला होता. एकाच्या खिळ्याला कुणाचा तरी सदरा टांगलेला होता; तिने तो काढला, शब्द चिकटवला, सदरा परत टांगला नाही, घडी करून बाकावर ठेवला. उडिया पट्ट्याच्या तळाशी जेमतेम दोन बोटं जागा होती. तिथे ‘नाहिं’ बसत नव्हता, म्हणून ती तो किनारीवर चिकटवत होती. वाकडं दिसत होतं. वाकडं दिसलं तरी चालेल, असं आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं.

सातव्या यंत्रापाशी चाळिशीचा एक माणूस उभा होता. त्याने शब्द वाचला आणि हसला.

"आता बरोबर झालं," तो हिंदीत म्हणाला.

अनुसयाने ‘कुणाशी बोलणार नाही’ हे विकासला दिलेलं वचन तिथेच मोडलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आम्ही सगळेच हसलो होतो."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार बेन? बोर्ड साहेबांनी लावलेला."

त्याने कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला. उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत गुलाबी, चकचकीत होती. नवी कातडी.

"हे कधी?"

"फेब्रुवारीत. झाकण उघडलं, वाफ आली."

बोर्ड जानेवारीत लागले होते. अनुसयाने यंत्राच्या कठड्याला हात टेकला. कठडा तापलेला होता, तिने हात काढून घेतला.

"बोर्ड वाचून उघडलंत?"

त्या माणसाचं नाव त्रिनाथ. त्याने प्रश्न गमतीवारी नेला नाही. वर बोर्डाकडे बघितलं, मग काट्याकडे, ज्यावर दाब दिसतो.

"सुपरवायझर रोज म्हणतो, लवकर उघड, लवकर उघड. त्या दिवशीही म्हणाला. काटा थोडा वर होता. मी बोर्डाकडे बघितलं होतं, एवढं खरं. त्यामुळे उघडलं की काय, ते मला नाही सांगता येणार, बेन."

"मी लिहिला होता तो बोर्ड," अनुसया म्हणाली. "शब्द माझ्याकडून पडला."

त्रिनाथने तिच्याकडे पाहिलं. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "तुम्हाला उडिया येतं?"

"नाही."

"मग कसं कळणार," तो म्हणाला आणि कामाला वळला, कारण काटा खाली येत होता.

उरलेले शब्द तिने चिकटवले. फाटकाशी विकास उभा होता.

"त्रिनाथचा हात भाजला हे मला फोनवर सांगितलं नाहीस," ती म्हणाली. अहोजाहो तिच्या तोंडून आपोआप गळून पडलं. तिच्या धाकट्या भावापेक्षाही तो लहान होता.

"घाई केली त्याने ताई. तसं नोंदवलंय."

"बोर्डावर काय लिहिलं होतं, ते नोंदवलं?"

विकास रस्त्याकडे बघत होता. "आपलं माणूस म्हणून तुम्हाला आत घेतलं. वाढवू नका. तुमच्या दुकानाचं नाव येईल. माझी नोकरी जाईल. मी पण वाचलं नव्हतं ना."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला जी भीती होती तीच किरीटभाईंना होती, आणि दुपारी घरी येऊन पडल्यावर अनुसयाला स्वतःच्या छातीतही तीच सापडली. वय एकोणपन्नास, हिलालला काम नाही, दुसरं दुकान या वयात कोण देणार. मग उठून तिने कागदावर पेन्सिलीने मजकूर लिहायला घेतला.

सोमवारी दुकानात गेल्या गेल्या तिने तो टाइप केला. गुजरातीत, कारण कामगारांच्या सरकारी कचेरीत कुणी हा कागद वाचला तर तो माणूस गुजरातीच असणार होता. सगळ्यांत साधा फॉन्ट घेतला, शाळेच्या पुस्तकात असतो तसा. अमुक तारखेला छापलेल्या चाळीस बोर्डांवर उडिया मजकुरातला ‘नाही’ हा अर्थ देणारा शब्द छापायचा राहिला. त्यामुळे सूचनेचा अर्थ उलटा झाला. मजकूर पाठवणाऱ्याची चूक नव्हती. छपाईतली चूक माझी. खाली तिने मराठीत सही केली: अनुसया हिलाल भदाणे.

छापलेला कागद तिने आधी किरीटभाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"दुकानाचं नाव नाही घातलं?"

"चूक माझी आहे."

"कुठे छापले ते विचारतील तेव्हा?"

"सांगेन."

किरीटभाईंनी कागद उलटा करून कोरी बाजू पाहिली, जणू तिथे आणखी काही लिहिलेलं असेल. मग तो तिच्याकडे सरकवला. "स्वाती आली असती ना, तर आज तुम्हाला घरी पाठवलं असतं," ते म्हणाले. तेवढ्यावर विषय संपला. आठवडाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

त्रिनाथ कविताच्याच खानावळीत जेवायचा, हे कविताशी बोलता बोलता कळलं. एका दुपारी मिलची पाळी सुटल्यावर अनुसयाने बमरोलीला जाऊन कागद त्याच्या हातात दिला. त्याला गुजराती वाचता येत नव्हतं. तिने वाचून दाखवला, कविताने त्यातलं अर्धं उडियात सांगितलं. जेवणाऱ्या माणसांचे हात थांबले होते.

"याचं मी काय करू?" त्रिनाथने विचारलं.

"कामगारांच्या कचेरीत दाखवता येईल. नाहीतर ठेवून द्या. तुमच्याजवळ असू दे."

त्याने कागदाची चार वेळा घडी घातली आणि फोनच्या कव्हरमध्ये सरकवली. पुढे त्याने तो कुणाला दाखवला की नाही, हे अनुसयाला कळलं नाही. मे महिन्यात तो गावी गेला, आणि परत आला तेव्हा दुसऱ्या मिलमध्ये लागला, एवढंच कविता म्हणाली. मिलमधून कुणी दुकानात विचारायला आलं नाही. विकास दुसरीकडून छापून घेऊ लागला.

दुकानात एक नियम मात्र झाला. कुणी केला असं नाही, अनुसयाने तो पाळायला सुरुवात केली आणि किरीटभाईंनी कुरकुरत चालू दिला. तिला येत नाही ती लिपी असेल तर वाचणारं माणूस मिळाल्याशिवाय, आणि शेवटचा फॉन्ट लागल्यानंतर त्याने वाचल्याशिवाय, छापायचं नाही. उडिया मजकूर कविताकडे जायचा. कपड्याच्या बाजारातला एक शिंपी तेलुगू वाचून द्यायचा, पण त्याला सवड सापडेपर्यंत दिवस जायचा.

जूनमध्ये एक व्यापारी आला. तेलुगू आणि तमिळ, दोन हजार पत्रकं, उद्या दुपारपर्यंत. "तेलुगू परवा मिळेल," अनुसया म्हणाली. "आणि तमिळ वाचणारं कुणी अजून सापडलेलं नाही. तुमच्याकडे कुणी आहे का?"

"वाचायचंय कशाला? छापायचंय," तो म्हणाला.

तिने नाही म्हटलं. तो समोरच्या दुकानात गेला, आणि त्यांनी काम लगेच घेतलं. किरीटभाईंनी काचेतून त्याला जाताना पाहिलं आणि पंखा एक घर वाढवला. अनुसयाने डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला, दहा मिनिटं तशीच बसली, आणि मग पुढची पत्रिका उघडली. नंदुरबारच्या गिऱ्हाइकाची होती. सगळे ल हिंदी वळणाचे आले होते. तिने पहिल्या ओळीपासून ते बदलायला घेतले.